नातवंडांच्या खेळातले वीर दिसतात कसे?

सुट्टीत नात आमच्याकडे वडोदऱ्याला आली, की तिच्या मित्रमैत्रिणी जमतात आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ सुरू होते. ती बारा वर्षांची, अंगाने भरलेली. कॉम्प्युटरवरच्या एका खेळात तिने केलेली लढवय्यी मात्र काडीसारखी होती. कारण विचारले तर म्हणाली, “आजोबा, त्यात माझ्यासारखी करताच येत नाही.” तेव्हा आम्ही दोघांनी हा विषय समजून घ्यायचे ठरवले. जे समजले ते सभासदांपुढे ठेवत आहोत.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रे होतात आणि अवघड प्रसंगी फासे टाकतात. प्रत्येक पात्राचे बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप हे सहा गुण आकड्यांत मांडतात. आमच्यासारख्या खातेवही सांभाळलेल्या माणसांना हे लगेच पटले.

पण हे आकडे सुरुवातीपासून सर्वांना सारखे नव्हते. १९७८ च्या नियमपुस्तकात स्त्री पात्राच्या बळाला पुरुषापेक्षा कमी मर्यादा होती. १९८९ च्या आवृत्तीत ती काढून टाकली. आज मुलगी हवी तेवढी बलवान लढवय्यी करू शकते.

आता चित्रांकडे पाहू. अशा अनेक खेळांत पुरुष म्हणजे पिळदार दंड आणि बाई म्हणजे सडपातळ कंबर, अंगावर अपुरे चिलखत. खऱ्या चिलखताचा छातीवरचा पत्रा बाहेरून गोलसर, फुगीर असे, म्हणजे वार घसरून बाजूला जाई. स्त्रीच्या छातीचे दोन उंचवटे पत्र्यात घडवले, तर घसरलेला वार नेमका मधल्या हाडाकडे वळेल. अशा चिलखताने रक्षण कसले होणार!

बळाचेही तसेच. वडोदऱ्याला जुम्मादादा व्यायाम मंदिराची ओळख करून द्यायला नको. आखाडा पाहिलेल्या माणसाला ठाऊक असते, की ताकदवान मल्लाला अनेकदा पोटही असते. स्नायूंची रेघ न् रेघ दिसण्यासाठी अंगावरची चरबी फार कमी करावी लागते. ओझे उचलण्यासाठी तिची गरज नसते.

काही जण म्हणतात, ड्रॅगन चालतो, मग शरीराच्या खरेपणाचा आग्रह कशाला? आम्हाला वाटते, ड्रॅगन ही गोष्टीची अट आहे. ती मान्य केली, तरी तलवार जड असते आणि माणूस दमतो हे कायम राहते. कॅपकॉम कंपनीचा २०१२ चा ‘ड्रॅगन्स डॉग्मा’ हा खेळ पाहा. त्यात उंची-वजन आपण ठरवतो. वजनदार पात्र जास्त ओझे वाहते, हलक्याचा दम लवकर भरून येतो आणि बुटके पात्र अरुंद भोकातून आत शिरते. म्हणजे प्रत्येक शरीराचे काही जमेला, काही नावे. हाच खरेपणा, आणि त्यातूनच विविधताही येते.

फाशांच्या खेळात तर चित्राची गरजच नाही, वर्णन पुरते. नातीने या वेळी ड्वॉर्फ जमातीची वैद्य केली. हे लोक चार-पाच फूट उंच आणि वजनाला साधारण दीडशे पौंड, म्हणजे ६८ किलो. “रुंद खांद्यांची, जाड वेणीची, आणि हिला कोणी ढकलू शकत नाही,” असे तिने स्वतःच्या हाताने कागदावर लिहिले.

घरी मुले असे काही खेळत असतील तर “पुरे झाला खेळ” म्हणण्याआधी, “तुझे पात्र दिसते कसे आणि तसेच का?” एवढे विचारून पाहा. आमच्या घरी त्या एका प्रश्नावर जेवण होईपर्यंत गप्पा चालल्या.