स्वयंनिर्मित अ‍ॅक्सेसर मेथडमधील नामसंघर्ष

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये क्लासमधील फील्डचे मूल्य वाचणाऱ्या वा बदलणाऱ्या छोट्या मेथडला अ‍ॅक्सेसर म्हणतात. वाचणारी मेथड म्हणजे गेटर आणि बदलणारी म्हणजे सेटर होय. या मेथड हाताने न लिहिता कंपायलर किंवा अन्य साधनाकडून तयार करून घेतल्या असता, तयार होणारे नाव त्याच क्लासमधील दुसऱ्या मेथडच्या नावाशी जुळल्यास त्या स्थितीस नामसंघर्ष असे म्हणतात.

कारणे

साधन फील्डच्या नावावरून ठरावीक नियमाने मेथडचे नाव बनवते. जावा भाषेत १९९७ च्या जावाबीन्स संकेतानुसार ‘नेम’ या गुणधर्मासाठी ‘गेटनेम’ व ‘सेटनेम’ ही नावे वापरली जातात. स्वयंनिर्मित नावे मूळ कोडमध्ये दिसत नाहीत, तरीही ती क्लासमधील जागा व्यापतात. त्यामुळे भिन्न दिसणाऱ्या दोन फील्डांतही संघर्ष उद्भवू शकतो. वारशाने आलेल्या मेथडही यास कारण ठरतात. उदाहरणार्थ, जावातील प्रत्येक क्लासला ‘ऑब्जेक्ट’ या मूळ क्लासकडून ‘गेटक्लास’ ही मेथड मिळते आणि ती बदलता येत नाही.

निराकरणाच्या पद्धती

नकार : सी शार्पमध्ये एखादी प्रॉपर्टी घोषित होताच तिच्या गेटर व सेटर या दोहोंची अंतर्गत नावे राखीव होतात, प्रॉपर्टी केवळ वाचनीय असली तरी हा नियम लागू असतो. त्याच नावाची व त्याच प्रकारचे पॅरामीटर घेणारी मेथड लिहिल्यास कंपायलर त्रुटी दाखवतो. कोटलिनचा कंपायलरही जावा आभासी यंत्रासाठी अशा प्रकारे जुळणारी नावे नाकारतो.

नामांतर : प्रोटोकॉल बफर्समध्ये विद्यार्थ्याच्या इयत्तेसाठी ‘क्लास’ हे फील्ड ठेवल्यास जावातील गेटरच्या नावाच्या शेवटी अधोरेषा जोडली जाते. ‘फू’ हे पुनरावर्ती फील्ड आणि ‘फू काउंट’ हे साधे फील्ड एकत्र आल्यास दोहोंच्या नावांस त्यांचे फील्ड-क्रमांक जोडले जातात. म्हणजेच नव्या फील्डच्या आगमनाने जुन्या मेथडचेही नाव बदलते आणि तिच्यावर अवलंबून असलेला कोड कंपाइल होईनासा होतो.

मौन : जावासाठीच्या लोंबोक या साधनाची ‘डेटा’ ही सूचना वापरली असता, त्याच नावाची व तितकेच पॅरामीटर असलेली मेथड आधीपासून असल्यास नवी मेथड तयार होत नाही आणि तसा इशाराही मिळत नाही. रुबीमध्ये ‘हॅश’ नावाचा अ‍ॅक्सेसर घोषित केल्यास त्याच नावाची वारशाने आलेली मेथड झाकली जाते. परिणामी तो ऑब्जेक्ट हॅश-सारणीत की म्हणून वापरल्यास नोंद शोधताना चूक होऊ शकते.

परिणाम व दक्षता

नकारामुळे काम थांबते, पण दोष तत्काळ समजतो. मौन पद्धतीत प्रोग्रॅम विनातक्रार चालतो आणि भलत्याच मेथडचे उत्तर खरे मानले जाते. म्हणून ती अधिक धोक्याची ठरते. फील्डचे नाव निवडताना त्यापासून तयार होणारी सर्व नावे विचारात घेणे, तसेच कंपायलरचे इशारे चालू ठेवणे हे यावरील प्रमुख उपाय होत.