परवडत नसेल तर गाव सोडा!

घरांचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे म्हाडा, झोपडपट्टी आणि बिल्डर यांच्यापलीकडे जात नाही. आज आम्ही वाचकांना जरा दूर नेणार आहोत. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या न्यूयॉर्क शहरात शिकले, तेथून हडसन नदी ओलांडली की न्यू जर्सी हे राज्य लागते. आज तेथे आपली मराठी माणसेही पुष्कळ आहेत. या राज्याच्या दक्षिण भागात माउंट लॉरेल नावाचे गाव आहे. गरिबांच्या घरांवरून या गावात जे भांडण पेटले, ते पुढे साऱ्या राज्यात पसरले आणि पन्नास वर्षे उलटली तरी मिटलेले नाही.

गावाच्या स्प्रिंगव्हिल नावाच्या भागात कृष्णवर्णीय कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून राहत होती. घरे मोडकळीला आलेली. काही तर कोंबड्यांच्या खुराड्यांची डागडुजी करून केलेली. पुढे शहरातली नोकरदार गोरी माणसे येथे येऊ लागली. १९५० साली तीन हजारांच्या आत असलेली लोकवस्ती १९७० साली अकरा हजारांवर गेली. नगरपालिका जुनी घरे राहण्यास अयोग्य ठरवून खाली करायला लावी, पण त्या लोकांना दुसरीकडे सोय करून देईना. तेव्हा वस्तीतल्या लोकांनीच ३६ घरांची योजना आखली. नगरपालिकेने ती फेटाळली. १९७० साली नगराध्यक्ष एका रविवारी त्यांच्या चर्चमध्ये आले आणि ज्यांना या गावात राहणे परवडत नाही त्यांनी गाव सोडावे, अशा अर्थाचे तोंडावर सांगून गेले. ज्यांच्या पणजोबांच्या आधीची पिढी त्याच मातीत नांदली, त्यांना हे ऐकावे लागले!

त्या वस्तीत एथेल लॉरेन्स नावाच्या बाई होत्या. बालवाडीत शिकवत, मुलाबाळांचा संसार सांभाळत. कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेची स्थानिक शाखा आणि कायदेविषयक मदत देणारे तीन तरुण वकील यांच्या साथीने त्या १९७१ साली कोर्टात गेल्या.

आता गंमत पाहा. गावाच्या नियमांत कोणाच्या रंगाचा उल्लेख नव्हता. सारे काही जमिनीच्या नकाशात होते. साध्या निवासी भागात फक्त सुटे बंगले बांधायचे. जोडघरे नाहीत, चाळवजा इमारती नाहीत. भूखंड निदान ९,३७५ चौरस फुटांचा, म्हणजे आपले साडेआठ गुंठे. काही भागांत २०,००० चौरस फुटांचा. चार हजार एकरांहून अधिक जमीन कारखान्यांसाठी राखलेली, त्यातली जेमतेम शंभर एकर वापरात. काही मोठ्या प्रकल्पांत फ्लॅट चालत, पण तेथेही अट अशी की एका बेडरूमच्या घरात शाळेच्या वयाचे मूल नको आणि दोन बेडरूमच्या घरात दोनांपेक्षा जास्त नकोत. भाडेकरारातच तसे लिहून घ्यायचे! आमच्या वाचकांपैकी किती घरे या अटीत बसतील?

मुलांचा एवढा राग कशासाठी, तर तेथे शाळेचा खर्च बहुतांशी गावच्या घरपट्टीतून निघतो. गरीब कुटुंबाची घरपट्टी थोडी आणि मुले शाळेत जाणार, म्हणजे तोटा. म्हणून महाग घरे यावीत, कारखाने यावेत, मुले मात्र दुसऱ्या गावी वाढावीत, असा हा हिशेब.

१९७५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेब मोडून काढला. जमिनीचा वापर ठरवण्याचा गावाचा अधिकार मूळचा राज्याचा आहे; तो सर्वांच्या हितासाठी वापरला पाहिजे, आणि वाढत्या गावाने आपल्या प्रदेशातल्या गरिबांच्या घरांचा रास्त वाटा उचललाच पाहिजे, असा निकाल दिला. गावाने काय करावे? एकूण जमिनीच्या पाव टक्क्याहूनही कमी जागा नकाशावर गरिबांसाठी दाखवली. घर एकही उभे राहिले नाही.

मग १९८३ साली मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट विलेन्ट्झ यांच्या न्यायालयाने दात असलेला निकाल दिला. वाटा आकड्यात ठरवा. गाव टाळाटाळ करीत असेल, तर काही घरे गरिबांसाठी ठेवायला तयार असलेल्या बिल्डरला कोर्टच परवानगी देईल. साधारण पाचातले एक घर, असा तो हिस्सा. गावे हादरली. १९८५ साली विधिमंडळाने कायदा करून हे काम एका परिषदेकडे दिले, पण त्यातच एक पळवाट ठेवली: श्रीमंत गावाने पैसे मोजून आपला निम्मा वाटा दुसऱ्या गावाच्या गळ्यात घालावा. म्हणजे गरीब शहरात गरिबांची आणखी घरे, आणि बंगल्यांचे गाव जसेच्या तसे. ही सोय २००८ साली बंद झाली. आमच्या मते ती मुळात द्यायलाच नको होती.

एथेलबाई १९९४ साली वारल्या. माउंट लॉरेलमधली घरे त्यांना पाहता आली नाहीत. १९९७ साली मंजुरी मिळाली, तीही गावकऱ्यांच्या आरडाओरड्यात: गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, घरपट्टी चढेल. २००० साली वसाहत उघडली. पुढे तेथे १४० घरे झाली आणि वसाहतीला नाव एथेलबाईंचेच आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या तशाच गावांशी ताडून पाहिले, तर यातले काहीच झालेले नव्हते. शेजारच्या कित्येकांना आपल्या बाजूला अशी वसाहत आहे हेच ठाऊक नव्हते. तेथे आलेल्या आयाबापांची कमाई सुधारली, मुलांना अभ्यासाला शांत जागा मिळाली.

गावांचे म्हणणे सगळेच खोटे, असे आम्ही म्हणणार नाही. पाणी, गटारे, शाळेचे वर्ग यांचा पैसा राज्य पुरेसा देत नाही आणि आकडा मात्र वरून येतो, ही तक्रार ऐकण्यासारखी आहे. पण ‘स्थानिकांचा अधिकार’ म्हणताना स्प्रिंगव्हिलचे लोक स्थानिक नव्हते काय? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाला राज्यघटनेचा पाया मानायला नकार दिला, तेव्हा पुष्कळांना राग आला होता. वेशीबाहेर राहणाऱ्याला गावाचा निर्णय कसा लागतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

परिषदेचे काम रखडले म्हणून २०१५ साली न्यायालयाने हा विषय पुन्हा आपल्या हाती घेतला. मार्च २०२४ मध्ये तेव्हाचे राज्यपाल फिल मर्फी यांनी नव्या कायद्यावर सही केली. परिषद बरखास्त झाली आणि २०२५ ते २०३५ या दहा वर्षांचा प्रत्येक गावाचा आकडा राज्याच्या खात्याने काढून दिला. राज्यात गावे व शहरे मिळून साडेपाचशेंच्या वर आहेत. त्यातली वीस-पंचवीस माँटव्हेल या गावाच्या पुढाकाराने कोर्टात गेली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायाधीशांनी कायदा रोखण्यास नकार दिला. बाकीची बहुतेक गावे मुकाट्याने नकाशे काढायला बसली.