महानगराच्या पोटातलं गाव : हॅमट्रॅमिक

आधी नावाशी दोन हात करू. रोमन लिपीत या नावात नऊ अक्षरं, त्यांत स्वर दोनच, आणि शेवटी तीन व्यंजनं एकमेकांना खेटून उभी. पाटी पहिल्यांदा वाचणाऱ्याची जीभ हमखास अडखळते. उच्चार मात्र सोपा आहे : हॅमट्रॅमिक. मधल्या ‘ट्रॅ’वर जोर दिला की जमलं.

आता नकाशा. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डेट्रॉईट हे मोटारींचं महानगर, आणि त्याच्या पोटात ही चिमुकली नगरपालिका. उत्तर, दक्षिण, पूर्व, कुठेही चालत सुटा, वेस ओलांडली की डेट्रॉईट. पश्चिमेला थोडीशी हद्द हायलंड पार्क या दुसऱ्या गावाला लागते, पण तेही असंच डेट्रॉईटने वेढलेलं. (हेन्री फोर्डने १९१३ मध्ये मोटारींची सरकती असेंब्ली लाइन सुरू केली ती याच हायलंड पार्कात. शेजार साधासुधा नाही!) हॅमट्रॅमिकचं क्षेत्रफळ जेमतेम ५.४ चौरस किलोमीटर. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला अर्धा-पाऊण तास पुरतो. एवढ्याशा जागेत २०२० च्या जनगणनेत माणसं मोजली गेली २८,४३३. म्हणजे दर चौरस किलोमीटरला पाच हजारांहून जास्त. मुंबईकराला हा आकडा काहीच वाटणार नाही. पण अख्ख्या मिशिगन राज्यात याहून दाट वस्तीचं शहर नाही.

हे नाव आलं कुठून? कर्नल जाँ फ्राँस्वा हॅमट्रॅमिक हा कॅनडाच्या माँट्रियलचा, फ्रेंच बोलणारा. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात तो अमेरिकेच्या बाजूने लढला आणि १७९६ मध्ये इंग्रजांनी डेट्रॉईटचा किल्ला सोडल्यावर तिथला पहिला अमेरिकन अंमलदार झाला. १७९८ मध्ये त्याच्या नावाची टाउनशिप आखली गेली. ती आजच्या गावाच्या कितीतरी पट मोठी होती. पुढे डेट्रॉईट वाढत गेलं आणि तिचा एकेक लचका तोडत गेलं. कर्नलसाहेब वारले १८०३ मध्ये. त्यांच्या अस्थी या गावातल्या स्मारक उद्यानात आल्या त्या १९६२ मध्ये. ज्याचं नाव गावाने मिरवलं, तो गावात मुक्कामाला आला मृत्यूनंतर १५९ वर्षांनी.

तीन हजारांचे अठ्ठेचाळीस हजार

१९१० मध्ये इथे ३,५५९ माणसं होती. १९२० मध्ये? ४८,६१५. दहा वर्षांत साडेतेरा पटींहून जास्त! असं काय घडलं? जॉन आणि होरेस या डॉज बंधूंनी १९१० मध्ये इथे कारखान्यासाठी जागा घेतली आणि १९१४ च्या अखेरीस त्यातून त्यांची स्वतःच्या नावाची पहिली मोटार बाहेर पडली. ‘डॉज मेन’ या नावाने हा कारखाना ओळखला जाऊ लागला. कामगार हवे होते, आणि ते आले पोलंडमधून. त्याआधी इथे जर्मन शेतकऱ्यांची वस्ती होती. ती बघता बघता पोलिश झाली. १९३० मध्ये लोकसंख्या ५६,२६८ वर पोचली. आजच्या जवळपास दुप्पट माणसं, आणि जागा तेवढीच!

ती माणसं राहिली कुठे? सुमारे तीस फूट रुंदीच्या चिंचोळ्या भूखंडांवर, एकमेकांना जवळजवळ चिकटलेल्या लाकडी दुमजली घरांत. खाली मालक, वर भाडेकरू. घरामागे बोळ. पुण्या-मुंबईत वाड्यात किंवा चाळीत वाढलेल्याला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. अमेरिकन उपनगर म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते ऐसपैस हिरवळीचं घर. इथे मात्र शेजारच्या स्वयंपाकघरात काय शिजतंय हे खिडकीतून कळावं असं अंतर.

मला या गावाची सगळ्यात मोठी खुबी इथेच दिसते. डेट्रॉईटने गिळून टाकू नये म्हणून १९०१ मध्ये व्हिलेज झालेल्या या वस्तीने १९२२ मध्ये शहराचा दर्जा घेतला आणि आपली वेस कायमची पक्की करून टाकली. त्यानंतर वाढायला जागाच उरली नाही. दुसऱ्या गावांत नवे लोक आले की गावाबाहेर नवी कॉलनी उभी राहते. जुने इकडे, नवे तिकडे. इथे ती सोयच नव्हती. जो नवा आला तो जुन्याच्याच वरच्या मजल्यावर आला, जुन्याच्याच दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभा राहिला आणि पुढे त्याच दुकानाचा मालक झाला.

१९७० पर्यंत गावातले सुमारे ९० टक्के लोक पोलिश वंशाचे होते. मग जानेवारी १९८० मध्ये डॉज मेन बंद पडलं. पोरं उत्तरेकडच्या मोठ्या उपनगरांत निघून गेली, वरचे मजले रिकामे झाले, भाडी उतरली. तिथे येमेनी आले, बोस्नियन आले, अल्बेनियन आले. आणि १९९० च्या दशकापासून न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं भाडं न परवडणारे बांगलादेशी आले, त्यातही बरेचसे सिल्हेटचे. एक जण आला, त्याने मेव्हण्याला कळवलं, मेव्हण्याने गाववाल्याला. स्थलांतर असंच होतं. रत्नागिरीहून गिरणगावात भरलेल्या खोल्या आठवाव्यात. गावातल्या कॉनंट रस्त्याच्या एका भागाला २००८ मध्ये ‘बांगलादेश अव्हेन्यू’ हे मानाचं नाव मिळालं. २०१० मध्ये २२,४२३ वर आलेली लोकसंख्या पुढच्या दहा वर्षांत सहा हजारांनी वाढली. मिशिगनमधली कितीतरी जुनी कारखान्यांची शहरं ओस पडत असताना हे एवढंसं गाव फुगत होतं.

येमेनी माणूस ‘गोरा’ कसा?

जनगणनेच्या कागदावरचं हॅमट्रॅमिक आणि रस्त्यावरचं हॅमट्रॅमिक यांचा मेळ बसत नाही. अमेरिकन जनगणनेच्या जुन्या व्याख्येनुसार मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतून आलेले लोक ‘व्हाइट’ या रकान्यात मोजले जातात. म्हणजे एडनहून आलेलं कुटुंब आणि क्राकोहून आलेलं कुटुंब एकाच चौकटीत! बांगलादेशी शेजारी मात्र ‘एशियन’. आकडे पाहून कुणाला वाटेल की निम्मं गाव अजून युरोपियनच आहे. प्रत्यक्षात त्या ‘गोऱ्यां’तल्या अनेकांच्या घरी अरबी बोलली जाते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेसाठी स्वतंत्र वर्ग करायचा निर्णय घेतला. तो अमलात येईल तेव्हा एकही माणूस घरातून न हलता या गावाचा चेहरा कागदावर बदलून जाईल.

मतदानाची गोष्टही सांगण्यासारखी. नोव्हेंबर १९९९ च्या निवडणुकीत एका गटाने सावळ्या वर्णाच्या आणि अरबी वळणाच्या नावांच्या मतदारांना केंद्रावर अडवलं, आणि आपण नागरिक आहोत अशी शपथ त्यांना घ्यावी लागली. अमेरिकेच्या न्याय खात्याला मध्ये पडावं लागलं. आणि त्यानंतर एका तपाच्या आत याच गावाला कायद्याने बंगालीत मतपत्रिका छापणं बंधनकारक झालं. शपथ घ्यायला लावलेल्या माणसाच्या हातात त्याच्याच लिपीतली मतपत्रिका. मला हा बदल या गावाच्या कुठल्याही इमारतीपेक्षा मोठा वाटतो.

पुढची पायरी २०१५ ची : नगरपरिषदेत मुस्लीम सदस्यांचं बहुमत, अमेरिकेत पहिल्यांदाच. २०२१ मध्ये तर सगळी परिषदच मुस्लीम झाली आणि येमेनमध्ये जन्मलेले आमेर गालिब महापौरपदी निवडून आले. १९२२ पासून त्या खुर्चीवर एकजात पोलिश वंशाचीच माणसं बसत आली होती. शेवटच्या होत्या कॅरेन मॅजेव्हस्की, गावाच्या पहिल्या महिला महापौर आणि पोलिश-अमेरिकन साहित्याच्या अभ्यासक.

सगळं गोडीगुलाबीत चालतं असं मात्र नाही. २००४ मध्ये अल-इस्लाह मशिदीने ध्वनिक्षेपकावरून अजान देण्याची परवानगी मागितली आणि वाद थेट गावकऱ्यांच्या मतदानापर्यंत गेला. कौल अजानच्या बाजूने लागला. चर्चच्या घंटा वाजतात तर अजान का नको, हा युक्तिवाद टिकला. पुढे २०२३ मध्ये परिषदेने सरकारी खांबांवर समलिंगी चळवळीचा इंद्रधनुषी झेंडा लावायला बंदी केली, तेव्हा पूर्वी नव्या लोकांच्या बाजूने उभे राहिलेले अनेक जुने रहिवासी दुखावले. मला त्यांचं दुखणं खरं वाटतं. जागा करून देणाऱ्याला आपल्यालाही जागा मिळावी असं वाटणारच.

कारखान्याच्या आवारात स्मशान

डॉज मेन पाडलं आणि त्या जागी, गावाच्या वेशीवर, अर्धा इकडे अर्धा तिकडे असा जनरल मोटर्सचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्यासाठी डेट्रॉईटच्या बाजूची पोलटाउन ही वस्ती उठवली गेली : चार हजारांवर माणसं, हजाराहून अधिक घरं, दुकानं, चर्चं. रहिवासी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८१ मध्ये हरले. खासगी कंपनीसाठी अशी घरं घेता येणार नाहीत, असं त्याच न्यायालयाने दुसऱ्या खटल्यात म्हटलं ते २००४ मध्ये. तोवर तिथे मोटारी बनायला लागून दोन दशकं होत आली होती.

त्या सगळ्या पाडापाडीतून एक गोष्ट सुटली : बेथ ओलेम, एकोणिसाव्या शतकातलं ज्यू दफनस्थान. ते आजही कारखान्याच्या आवारात आहे. वर्षातून दोनदा, पासओव्हर आणि ज्यू नववर्षाच्या आधी, त्याचं फाटक उघडतात. बाकी वर्षभर त्याच्या भोवती काम चालू असतं. आता तिथे विजेवर चालणाऱ्या गाड्या बनतात.

मैदान मारणारं गाव

एवढ्याशा गावात दोन ऐतिहासिक स्टेडियम आहेत. १९३० मध्ये बांधलेलं हॅमट्रॅमिक स्टेडियम हे कृष्णवर्णीयांच्या ‘निग्रो लीग’ बेसबॉलच्या आज उरलेल्या मोजक्या मैदानांपैकी एक. डेट्रॉईट स्टार्स हा संघ इथे खेळायचा. त्यांचा महान फलंदाज टर्की स्टर्न्स याच्या नावाने आता हे मैदान ओळखलं जातं. डागडुजी होऊन २०२२ मध्ये ते पुन्हा खेळासाठी खुलं झालं. दुसरं कीवर्थ स्टेडियम. मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून उभं राहिलेलं. ऑक्टोबर १९३६ मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आले होते. तिथे २०१६ पासून डेट्रॉईट सिटी फुटबॉल क्लब खेळतो. मैदानाच्या दुरुस्तीसाठी चाहत्यांनीच सात लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली.

१९५९ मध्ये गावातल्या शाळकरी पोरांच्या संघाने बेसबॉलची लिटल लीग वर्ल्ड सीरिज जिंकली. आणि टेनिस! जीन हॉक्सी या प्रशिक्षिकेने कामगारांच्या मुलांना हातात रॅकेट दिली. त्यांतली पीचेस बार्ट्कोव्हिच १९६४ मध्ये विम्बल्डनची ज्युनिअर विजेती झाली. स्त्री खेळाडूंना पुरुषांच्या मानाने तुटपुंजं बक्षीस मिळतं म्हणून १९७० मध्ये एक-एक डॉलरच्या करारावर सह्या करून ज्या नऊ जणींनी बंड केलं, त्यांत बिली जीन किंगसोबत ही हॅमट्रॅमिकची मुलगीही होती.

रंगांचं तर विचारूच नका. एका येमेनी उपाहारगृहाच्या भिंतीवर येमेनचं भलंमोठं चित्र आहे. २०१३ मध्ये ते रंगवलं चिलीच्या दासिक फर्नांडेझ या चित्रकाराने. आणि एका बोळात आहे ‘हॅमट्रॅमिक डिस्नेलँड’. युक्रेनहून आलेले दिमित्रो शिलाक मोटार कारखान्यातून निवृत्त झाले आणि आपल्या मागच्या अंगणातल्या दोन गॅरेजांच्या छपरांवर त्यांनी विमानं, पवनचक्क्या, घोडे, सैनिक असं काय काय उभं केलं. सुमारे तीस वर्षं हा उद्योग चालला. २०१५ मध्ये ते गेले. त्यांचं काम स्थानिक कलावंतांनी विकत घेऊन जपलं आहे.

तळणाचा दिवस

गावात अजूनही उभी असलेली पोलिश खूण म्हणजे सेंट फ्लोरियन चर्च, १९२८ मध्ये पूर्ण झालेलं. पोप जॉन पॉल दुसरे, जे स्वतः पोलंडचे, १९८७ मध्ये या गावात आले आणि मुख्य रस्त्यावर बोलले. त्याआधी, १९६९ मध्ये, ते कार्डिनल व्होयतिला म्हणून येऊन गेले होते.

पण खऱ्या अर्थाने सगळ्या गावाची असलेली पोलिश गोष्ट तळणीतून निघते. पोंच्की : अंडी घालून मळलेल्या, यीस्टने फुगलेल्या पिठाचे गोळे, तळलेले, आत आलुबुखाऱ्याचा किंवा गुलाबाचा मुरंबा. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी घरातली चरबी, साखर, अंडी संपवायची म्हणून हा प्रकार. गटारी माहीत असलेल्या मराठी माणसाला यात काहीही नवल वाटणार नाही! पोलंडमध्ये पोंच्की गुरुवारी खातात. अमेरिकेत आल्यावर तो दिवस मंगळवारी सरकला. त्या मंगळवारी हॅमट्रॅमिकच्या बेकऱ्यांपुढे पहाट व्हायच्या आधी, फेब्रुवारीच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, रांगा लागतात. दूरच्या उपनगरांत गेलेली पोलिश नातवंडं खोके भरून न्यायला येतात.

२०२६ मध्ये हा मंगळवार १७ फेब्रुवारीला आला. दुसऱ्या दिवशी ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला बुधवार. आणि नेमका त्याच मंगळवारी संध्याकाळी, त्याच गावात, लोक रमजानचा चंद्र शोधत आकाशाकडे बघत होते.