उत्तर आधीं, प्रश्न मागून!

संगणकाचा संदेश दुसऱ्या संगणकाकडे जाऊन परत येण्यास किती वेळ लागतो, हें मोजण्यासाठीं ‘पिंग’ नांवाचा प्रोग्राम असतो. माइक म्यूस या अमेरिकन गृहस्थांनीं तो १९८३ सालीं लिहिला. शाळेंतील एका जुन्या संगणकावर तो चालवितां आम्हांस शून्याहूनही कमी आंकडे दिसूं लागले. म्हणजे प्रश्न निघण्यापूर्वींच उत्तर हजर! आम्हीं केबल बदलली, इंटरनेट पुरविणाऱ्यांस तक्रारीचें पत्रही लिहून ठेविलें.

मग आम्हीं हिशेब केला. कांचतंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. मुंबई-लंडन सरळ अंतर सुमारें ७२०० किलोमीटर. तेव्हां जाऊन येण्यास निदान ७२ मिलिसेकंद हवेतच. वाट कितीही चांगली असली तरी वेळ उणा होणें अशक्य. अर्थात् दोष वाटेचा नसून घड्याळाचा होता.

त्या प्रोसेसरांत दोन गाभे होते व प्रत्येकाचा ठोके मोजणारा गणक निराळा. वीज वांचविण्यासाठीं गाभ्यांची गति कमीजास्त होई व गणकांत अंतर पडे. निघण्याची वेळ एकानें व परतण्याची दुसऱ्यानें नोंदली, कीं वजाबाकी फसे. विंडोज एक्सपीच्या ‘बूट.आयएनआय’ फाइलींत ‘/यूजपीएमटायमर’ हा शब्द घालून वेळ मदरबोर्डावरील एकाच गणकावरून घेवविली, तेव्हां आंकडे ताळ्यावर आले.

विद्यार्थिमित्रहो, दुसऱ्यास बोल लावण्यापूर्वीं आपलें माप तपासावें. आमचें पत्र आम्हीं फाडून टाकिलें.