जर्मनीला जायचे, तर तयारी कागदांपासून

जर्मनीत शिक्षण फुकट आहे, हे पुण्या-नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये तिसऱ्या वर्षापासूनच कानावर पडू लागते. ते बऱ्याच अंशी खरे आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, फक्त दर सत्राचे छोटे शुल्क भरावे लागते. अपवाद मात्र आधीच पाहून ठेवावेत. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग ही शहरे ज्या राज्यात आहेत, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून दर सत्राला 1,500 युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024 पासून शुल्क सुरू केले आहे.

तरीही ओढा वाढतोच आहे. 2023-24 मध्ये जर्मनीत 49,483 भारतीय विद्यार्थी शिकत होते, चिनी विद्यार्थ्यांपेक्षाही जास्त.

शुल्क नाही म्हणून पैसा लागत नाही, असे मात्र नाही. व्हिसासाठी पहिल्या वर्षाचा राहण्या-खाण्याचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरून दाखवणे हा सर्वांत रुळलेला मार्ग आहे. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम 11,904 युरो, म्हणजे सुमारे 12 लाख रुपये आहे. हे पैसे कुणाची फी म्हणून जात नाहीत. तिथे पोहोचल्यावर ते दरमहा 992 युरो या हिशेबाने विद्यार्थ्यालाच परत मिळतात. पण एकरकमी उभे करावे लागतात ते इथे, घरच्यांना. त्यामुळे कर्ज काढायचे की ठेव मोडायची, हा निर्णय प्रवेशपत्राची वाट पाहत ताटकळत ठेवू नये.

कागदांची सुरुवात त्याहून आधी होते. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र लागते. आपल्या गुणपत्रिका आणि पदवी खरी आहे, अशी ती पडताळणी असते. त्यासाठी कागद गोळा करायचे आणि मग काही आठवडे थांबायचे. अनेक विद्यापीठांत हिवाळी सत्रासाठी अर्ज करण्याची मुदत 15 जुलैला संपते, काही ठिकाणी मेमध्येच. मागे मोजत गेले, तर आदल्या दिवाळीच्या सुट्टीत कामाला लागणे हेच शहाणपणाचे.

विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट घेताना एक बाब डोळ्यांत तेल घालून तपासावी. ती म्हणजे उत्तीर्ण होण्यासाठी किमान किती ग्रेड पॉइंट लागतात, याचा उल्लेख. जर्मन पद्धतीत 1 हा सर्वोत्तम आणि 4 हा काठावर पास. आपले गुण एका सूत्राने तिकडच्या मापात बदलले जातात आणि त्या सूत्रात किमान उत्तीर्ण गुणही धरतात. समजा, सीजीपीए 10 पैकी 7 आहे. किमान गुण 4 धरले तर उत्तर येते 2.5, पण 5 धरले तर 2.8. अनेक मास्टर्स अभ्यासक्रमांची अट 2.5 चीच असते. म्हणजे मार्क तेच, पण एका आकड्यावर अर्ज टिकतो किंवा बाद होतो.

सामानाची काळजी आईवडिलांना जास्त असते आणि ते साहजिकच आहे. मेतकूट, गोडा मसाला, कुकर खुशाल न्यावे. पण युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, त्यामुळे साजूक तूप आणि पेढे घरीच राहिलेले बरे.

सर्वांत अवघड काम म्हणजे घर, आणि नेमके तेच मुले शेवटी ढकलतात. जर्मनीत राहायला गेल्यावर साधारण दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला आन्मेल्डुंग म्हणतात. घरमालकाच्या सहीचा कागद नसेल, तर ती होत नाही. ती नसेल, तर राहण्याच्या परवान्यापासून कर क्रमांकापर्यंत पुढची कामे अडकतात. या घाईचाच फायदा घेऊन खोली न दाखवता डिपॉझिट मागणारे भेटतात. प्रत्यक्ष किंवा निदान व्हिडिओ कॉलवर खोली पाहिल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरोही पाठवू नये. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांचे भाडे तुलनेने कमी असते, पण म्युनिकसारख्या शहरात प्रतीक्षा यादी कित्येक महिन्यांची असते. बऱ्याच शहरांत प्रवेश पक्का होण्याआधीच त्या यादीत नाव घालता येते. विद्यापीठाचा अर्ज भरला की त्याच आठवड्यात हेही करून टाकावे.