पिशवी काढली... पण कशी काढली?

ऑपरेशन ‘सक्सेसफुल’ झालं, हे कशावरून ठरवायचं? गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपुरतं तरी या प्रश्नाचं उत्तर आता आकड्यांत देता येतं. आईसाठी, मावशीसाठी ते माहीत असायलाच हवं.

तुम्ही पुण्यात आयटीत, आई परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठला. एक दिवस फोन येतो, ‘अंगावरून जातंय. डॉक्टर म्हणतात, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’ आपण काय विचारतो? खर्च किती, सुट्टी कधी टाकू! मोबाईल घेताना दहा रिव्ह्यू वाचणारे आपण इथे मात्र ‘डॉक्टर चांगले आहेत ना?’ एवढ्यावरच थांबतो. चांगले म्हणजे काय, ते विचारायचं राहूनच जातं.

आधी तुकडा, मग चाकू

सोनपेठ तालुक्याला लागूनच बीड जिल्हा. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तिथल्या ऊसतोड महिलांची माहिती मांडली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक! कॅन्सरची भीती घातली गेली, असं त्यातल्या अनेकींचं म्हणणं होतं.

गरज नसताना पिशवी काढणं वाईटच. पण उलट बाजूही तेवढीच गंभीर आहे. पिशवीच्या तोंडाशी खरोखर कॅन्सर असेल, तर अगदी सुरुवातीची, लहान गाठ सोडता नुसती पिशवी काढून भागत नाही. आजूबाजूचा भाग, योनीचा वरचा भाग आणि ओटीपोटातल्या लसिका ग्रंथीही काढाव्या लागतात. तपासणी न करता साधं ऑपरेशन उरकलं आणि रिपोर्टमध्ये नंतर कॅन्सर निघाला, तर रेडिएशन किंवा दुसरं ऑपरेशन नशिबी येतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. पॅप किंवा एचपीव्ही टेस्ट, संशय आला तर तुकड्याची तपासणी, कॅन्सर निघाला तर स्टेज, आणि मगच निर्णय. आजार पुढे सरकला असेल तर ऑपरेशन टाळणंच बरं ठरू शकतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलने ६३३ महिलांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी केमो आणि मग ऑपरेशन झालेल्या गटात पाच वर्षांनी ६९.३ टक्के जणी आजारमुक्त होत्या, केमो-रेडिएशनच्या गटात ७६.७ टक्के. जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गट जवळपास सारखे होते. मग चाकू कशाला?

छोटे छेद, मोठा धडा

दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणजे कमी वेदना, लवकर घरी. यात पुणं आघाडीवर होतं. डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या टीमने २००७ मध्ये आपल्या ‘पुणे टेक्निक’चा २४८ रुग्णांचा अनुभव मांडला होता. पण २०१८ मध्ये अनेक देशांतल्या ३३ केंद्रांवरच्या अभ्यासाचे निकाल आले आणि सगळेच चक्रावले. साडेचार वर्षांनी आजारमुक्त राहिलेल्या बायका पोट उघडून केलेल्या ऑपरेशनच्या गटात ९६.५ टक्के होत्या, तर दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के. हा अभ्यास झालाच नसता, तर लहान छेद म्हणजे चांगलं ऑपरेशन, असंच आपण धरून चाललो असतो.

सर्जरीचं प्रगतिपुस्तक

युरोपातल्या स्त्री-कॅन्सर तज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे ईएसजीओने, २०२० मध्ये या सर्जरीसाठी १५ निकष जाहीर केले. त्यातले काही असे : केंद्रात वर्षाला अशी किमान १५, शक्यतो ३० मोठी ऑपरेशनं व्हावीत. काढलेल्या भागाच्या कडा ९७ टक्के रुग्णांत कॅन्सरमुक्त असाव्यात. मूत्रवाहिनी पिशवीच्या तोंडाला अगदी खेटून जाते, त्यामुळे लघवीच्या मार्गाला भोक पडण्याची भीती असते. हे प्रमाण महिनाभरात ३ टक्क्यांच्या वर जाऊ नये. ग्रंथींत न पसरलेला लहान कॅन्सर दोन वर्षांत १० टक्क्यांहून कमी जणींत उलटावा. आणि रुग्णांची पुढची नोंद ठेवावी.

‘हे युरोपात ठीक आहे हो, खेड्यातल्या बाईला कोण शोधत बसणार?’ बार्शीने याचं उत्तर केव्हाच दिलंय. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात तर ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार महिलांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचे निकाल आले. एका एचपीव्ही टेस्टने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले होते. लवकर सापडला तर सर्जनच्या हातातही काहीतरी उरतं!

चौकट : फाइल घेऊन जाताना हे विचाराच

- तुकड्याचा रिपोर्ट काय? स्टेज कोणती?
- सर्जनसोबत रेडिएशन आणि केमोच्या डॉक्टरांनी केस पाहिली का?
- ऑपरेशन साधं की मोठं? पोट उघडून की दुर्बिणीने, आणि का?
- सर्जन वर्षाला अशी किती ऑपरेशनं करतात?
- नंतरच्या रिपोर्टमध्ये कडा आणि ग्रंथींबद्दल काय लिहिलंय?
- पुढचा फॉलोअप कधी?

समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत तर सेकंड ओपिनियन घ्या. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे, बार्शी आहे, टाटा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचारही येतात, तेव्हा रेशन कार्ड सोबत असू द्या. ‘डॉक्टरांना राग आला तर?’ ही भीती मात्र घरीच ठेवा. जो आपले आकडे मोजतो, त्याला ते सांगायला अडचण नसते.