किडा मिलिमीटरभर, साखळी तीच

टायरोसिनेमिया (प्रकार १) हा लहान बाळांचं यकृत निकामी करणारा दुर्मीळ आनुवंशिक आजार. त्यात बिघडणारं जनुक माणसात आहे, तसंच मातीतल्या एका सूत्रकृमीतही आहे. त्याभोवतीचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : सूत्रकृमी म्हणजे पोटातले जंत.
वस्तुस्थिती : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या शाळांत जंतनाशक दिनी अल्बेंडॅझोलची गोळी देतात, ती आतड्यातल्या जंतांसाठी. तेही सूत्रकृमीच, पण प्रयोगशाळेतला ‘सी. एलिगन्स’ कोणाच्या पोटात राहत नाही. कुजक्या फळांतले, पालापाचोळ्यातले जिवाणू खाऊन तो जगतो. लांबी जेमतेम १ मिलिमीटर. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत याच कृमीच्या चेतापेशींवर संशोधन चालतं.

गैरसमज : किड्याच्या जनुकाचा माणसाशी काय संबंध?
वस्तुस्थिती : अन्नातलं टायरोसिन हे अमिनो आम्ल दोघांनाही मोडावं लागतं, आणि पायऱ्याही त्याच. शेवटची पायरी ‘एफएएच’ या विकराची. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कृमीतलं हे जनुक मुकं केलं, तेव्हा त्याचं आतडं खराब झालं, प्रजनन घटलं आणि कृमी मेले.

गैरसमज : विकर नसल्याने काहीतरी बनायचं राहतं, म्हणून आजार होतो.
वस्तुस्थिती : उलट, जे साचतं ते मारतं. विठ्ठलवाडीला सिग्नल बिघडला, की उल्हासनगरच्या फलाटावर गर्दी साचते. अशा वेळी गाड्या मागे बदलापूरलाच थांबवलेल्या बऱ्या. तसंच ‘एफएएच’ नसेल, तर त्याच्या अलीकडे विषारी पदार्थ साचून यकृत आणि मूत्रपिंड पोखरतात. निटिसिनोन हे औषध साखळीतली आधीचीच एक पायरी बंद करतं, त्यामुळे विष तयारच होत नाही. कृमीतही आधीच्या पायरीचं जनुक मुकं केल्यावर त्रास कमी झाला. मात्र मागे अडवलेलं टायरोसिन रक्तात वाढतं. म्हणून गाडीत चढणारेच कमी करायचे, म्हणजे आहारातलं टायरोसिन आणि ज्यापासून शरीर टायरोसिन बनवतं ते फिनाइलअ‍ॅलॅनिन मोजूनमापून द्यायचं.

गैरसमज : हे औषध किड्यामुळे सापडलं.
वस्तुस्थिती : निटिसिनोनचा उगम तणनाशकांच्या संशोधनात आहे, कारण ते ज्या विकराला अडवतं, ते वनस्पतींनाही लागतं. रुग्णांवरच्या यशस्वी वापराचा अहवाल स्वीडिश डॉक्टरांनी १९९२ मध्ये दिला, म्हणजे कृमीवरच्या प्रयोगाच्या १६ वर्षं आधी. कृमीचा उपयोग वेगळा आहे. तीन-साडेतीन दिवसांत त्याची पिढी बदलते, त्यामुळे एकेक पायरी बंद करून परिणाम झटपट पाहता येतो.

गैरसमज : टायरोसिन न मोडल्याने कृमी जास्त जगतो, मग माणसालाही ते चांगलंच.
वस्तुस्थिती : टायरोसिन मोडणाऱ्या पहिल्याच विकराच्या जनुकात बदल झालेला कृमी खरोखर अधिक जगतो. माणसात तेच विकर नसेल, तर टायरोसिनेमियाचा दुसरा प्रकार होतो : डोळ्यांत जखमा, तळहात-तळपायांवर दुखरे घट्टे. किड्याच्या आयुष्यावरून जिममधल्या टायरोसिनच्या पावडरीचा डबा निवडू नये.

गैरसमज : घराण्यात कोणाला हा आजार नाही, मग बाळाला कसा होईल?
वस्तुस्थिती : आई-वडील दोघंही सदोष जनुकाचे निरोगी वाहक असू शकतात. तसं असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न झालं असेल, तर दोघंही वाहक असण्याची शक्यता वाढते.

गैरसमज : बाळाची कावीळ उतरवून घेतली, की झालं.
वस्तुस्थिती : बहुतेक नवजात बाळांची कावीळ साधी असते. पण ती रेंगाळली, पोट फुगलं, वजन वाढेना किंवा रक्तस्राव होऊ लागला, तर तातडीने बालरोगतज्ज्ञ गाठावा. तपासणीत सक्सिनिलअ‍ॅसिटोन हा पदार्थ सापडणं ही या आजाराची ठळक खूण.

गैरसमज : निदान झालं तरी औषध परवडणार कुणाला?
वस्तुस्थिती : आयात निटिसिनोनचा वर्षाचा खर्च सुमारे २.२ कोटी रुपये होता. भारतीय कंपन्यांनी बनवल्यावर तो सुमारे २.५ लाखांवर आल्याचं केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितलं. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ मध्ये हा आजार आणि हे औषध दोन्ही आहेत, आणि परळचं केईएम रुग्णालय त्या धोरणाखालचं उत्कृष्टता केंद्र आहे. औषध जन्मभर घ्यावं लागतं. यकृत खराब होण्याआधी सुरू झालं, तर फायदा सर्वाधिक.